भोजलीची गाय

माझ्या आईला माणसांपेक्षा माती जास्त कळते. लोक हे वाक्य कौतुकानं म्हणतात, मी तक्रार म्हणून म्हणते.

रायपूरच्या मराठी बायका निवृत्त झाल्यावर काय करतात ते मी बघितलेलं आहे. भजनी मंडळात जातात, भिशी लावतात, नागपूर-अमरावतीच्या लग्नांना जाऊन येतात आणि तिथल्या वरणाला फोडणी नव्हती हे पुढच्या लग्नापर्यंत सांगत राहतात. माझी आई रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाली आणि तिनं अभनपूरच्या पुढे एका गावात भाटा जमिनीचा तुकडा घेतला. भाटा म्हणजे लाल मुरूम. कुदळ मारली तर ठणकन वाजते आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. गावानं त्या तुकड्यावर कधी काही पेरलं नव्हतं. गुरं तळ्याकडे जायची ती त्याच्यावरून जायची, एवढाच त्याचा उपयोग.

"मेली नाही आहे थे माती," आई म्हणायची, "उपाशी आहे."

मग तिनं मातीला खाऊ घालायला घेतलं. नांगरायचं नाही, जाळायचं नाही आणि माती एक दिवसही उघडी ठेवायची नाही, हा तिचा धर्म झाला. वर हिरवा पाला तरी हवा, नाहीतर पैरा, म्हणजे भाताचं तणीस तरी. कुठे उघडी माती दिसली की ती बेचैन व्हायची, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सरकलेलं दिसावं तशी. माझं पांघरूण कधी सरकलं हे तिनं पाहिल्याचं मला आठवत नाही. वडील लवकर गेले, त्यांच्या जागी ती नोकरीला लागली, घर तिनं एकटीनं ओढलं, सगळं मान्य. तरीही चाळिशी ओलांडलेल्या मला त्या मुरुमाचा मत्सर वाटायचा. नवा रायपूरच्या ऑफिसात आठवडाभर डोकं पिकवून रविवारी मी तिला शेतावर न्यायची. मागच्या सीटवर आंबलेल्या ताकाची आणि सडक्या फळांची डबडी असायची, आणि मी नाकाला रुमाल बांधून गाडी चालवायची. वास काही एवढा नव्हता. रुमाल तिला दिसावा म्हणून होता.

शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका बाईचं घर होतं. आईच्याच वयाची, आईसारखीच विधवा. मुलगा भनपुरीला ट्रकवर, घरात सून आणि गोठ्यात एक गाय. पांढरी, आखूड शिंगांची, देशी. दूध जेमतेम द्यायची, पण आईला दुधाशी काय करायचं होतं! तिला शेण हवं होतं. ते शेण, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून आंबवायचं आणि तांब्यातांब्यानं शेतात शिंपडायचं, हे तिचं जीवामृत. ती बाई शेणाची टोपली धुऱ्यावर आणून ठेवायची. आई तिच्यासाठी पंडरीच्या बाजारातून सुती लुगडी आणायची. गाय वाटेनं तळ्याकडे जाताना आई तिला स्वतःच्या हातानं पाल्याची जुडी खाऊ घालायची आणि तिच्या पाठीवर थोपटायची, "दे माय, दे," म्हणून. मुरूम हळूहळू काळवंडायला लागला. पैऱ्याखाली गांडुळं दिसायला लागली. तो काळा रंग त्या एका गाईच्या पोटातून आलेला होता, हे आई स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

एका श्रावणात त्या बाईनं आईकडे भोजलीसाठी माती मागितली. छत्तीसगडात बायका श्रावणात टोपलीत माती भरून तिच्यात गहू पेरतात आणि टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. पिवळेधमक कोंब वर आले की राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ते तळ्यात सोडतात. त्यांतले थोडे कोंब दोघींनी एकमेकींच्या कानावर खोचले की त्या एकमेकींच्या भोजली होतात. मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजलीच म्हणायचं, आणि भेट झाली की आधी 'सीताराम भोजली' म्हणायचं. नवऱ्याशी काडीमोड होतो, भोजलीशी होत नाही.

त्या वर्षी आईच्या मातीत कोंब चांगले उंच आले आणि त्या बाईनं ते आईच्या कानावर खोचले. परत येताना आई गाडीत कानाला हात लावून बसली होती, कोंब पडू नयेत म्हणून. ही बाई नोकरीभर ऑफिसात एकटीनं डबा खात आली. तिला उतारवयात मैत्रीण मिळाली होती. मला खूप बरं वाटलं. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे मला बरं वाटावं असं फारसं काही घडलं नाही.

त्या भागात पावसाळाभर गुरं बांधून, राखून ठेवतात. भात घरात आला आणि पौषातलं छेरछेरा, म्हणजे दारोदार नवं धान मागायचा सण, होऊन गेला की राखण संपते. मग कोणाचीही गुरं कोणाच्याही शेतात शिरतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. गावाचा रिवाजच तो. शेतात धसकटांशिवाय काही नसेल तर चांगला रिवाज आहे, गुरांचं पोट भरतं आणि शेतात शेण पडतं. पण आईच्या शेतात धसकटं नव्हती. तिनं माती झाकायला लाखोळी पेरली होती, मेथी, मोहरी, जवस, हाताला येईल ते सगळं. कोसभर पिवळ्या उजाड रानात तेवढा एकच हिरवा तुकडा. गुरांनी तो एका दुपारीत भुईसपाट केला.

"आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते," मी म्हणाले. आईला हसू आलं नाही. ती उघड्या पडलेल्या मातीवर तळहात टेकवून बसली होती.

पुढच्या हंगामात तिनं काटेरी तार लावायचं ठरवलं. तार मीच भनपुरीच्या दुकानातून पाठवली. एकदाचं कुंपण झालं म्हणजे माझे रविवार सुटतील, असा माझा हिशेब. खांब रोवले जात असताना भोजली धुऱ्यावर उभी राहून बघत होती.

"तार झन बांध, भोजली," ती म्हणाली. "गरवा मन के डहर आय." तार नको बांधू, ही गुरांची वाट आहे.

"दो महीने की तो बात है," आई म्हणाली. "फागुन में निकाल दूँगी. मिट्टी खुली पड जाती न."

"हरियर देखही त आबे करही." हिरवं दिसलं तर ती येणारच.

"इसीलिए तो तार है," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "इले समजूनच नाही राहिलं."

तारेत सापडली ती भोजलीचीच गाय. दुसरी कोणती सापडणार होती? त्या शेतात पाला मिळतो हे तिलाच शिकवलेलं होतं. सुनेचा फोन आला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तिला सोडवून गोठ्यात उभं केलं होतं. तारेवरून उडी मारताना ती अडकली आणि सुटायला मागे ओढत राहिली. तार कासेतून गेली होती. मागच्या दोन्ही पायांवरून रक्त उतरत होतं आणि तिचं वासरू, एक लहान कालवड, सारखं कासेकडे धाव घेत होतं. त्याला सुनेनं ओढून धरलं होतं. एकदा ते सुटलं आणि त्यानं फाटलेल्या सडाला तोंड लावलं. गाय ओरडली, पण तिनं लाथ मारली नाही. मी बाहेर जाऊन ओकले.

अभनपूरहून गुरांचा डॉक्टर आला, टाके घातले, इंजेक्शनं दिली. कास सुजून दगडासारखी झाली, मग तिच्यात अळ्या पडल्या. आई त्या दिवसांत भोजलीच्या घरीच राहिली. गोठ्यात बसून कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, काडीनं अळ्या काढायची, गाईच्या तोंडाला हातानं पेज लावायची. ते मी कमी लेखणार नाही. भोजली तिच्या शेजारी बसायची आणि तारेचं नावही काढायची नाही. एका सकाळी गाय मेली.

पूर्वी मेलेलं जनावर न्यायला माणसं यायची, आता येत नाहीत. ट्रॅक्टरला बांधून तळ्यापलीकडे ओढत नेतात आणि पुढचं कुत्री बघतात. भोजली गाईच्या डोक्याशी बसली होती आणि पदरानं तिच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलत होती. पाऱ्यातल्या, म्हणजे आळीतल्या, बायका जमल्या होत्या. आई जरा लांब उभी होती आणि गाईकडे बघत होती. ती नजर मला ओळखीची होती. पालापाचोळ्याचा चांगला ढीग दिसला की ती अशीच बघते.

"भोजली," आई म्हणाली, "इसको मेरे खेत में गाडेंगे. बाहर कुत्ते खायेंगे. खेत में रहेगी तो मिट्टी को लगेगी. कितने साल मिट्टी खायेगी इसको."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तिच्या लेखी याच्याहून मोठा मान नव्हता. 'मले जाळू नको, शेतात गाड,' असं ती मलाही सांगून चुकली आहे. पण बायकांनी ऐकलं ते तिच्या तोंडून निघालं तेवढंच.

"गरवा मरगे, अउ येला खातू के परे हे," मागून कोणीतरी म्हणालं. जनावर मेलं आणि हिला खताची पडली आहे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण बोलणारीचं काही चुकलं नव्हतं.

भोजलीनं मान वर करून आईकडे बघितलं.

"हव," ती म्हणाली. "ले जा."

मुरूम खणायला जेसीबी आणावा लागला. गाय ट्रॅक्टरनं ओढत आणली आणि वासरू तिच्या मागोमाग चालत आलं, तळ्यावर जाताना यायचं तसंच. गाय खड्ड्यात उतरवल्यावर भोजली पुढे आली. तिच्या हातात एक छोटी कापडी थैली होती. थैलीत नून होतं, म्हणजे मीठ. घरचं जनावर पुरताना त्याच्यावर मीठ घालतात. आमच्या विदर्भातही घालतात. आपल्या वडिलांच्या बैलाला पोतंभर मीठ घातलं होतं, ही गोष्ट आईनंच मला लहानपणी सांगितलेली आहे, सांगताना रडलीही आहे.

भोजलीनं थैलीचं तोंड सोडलं. आईनं तिचं मनगट धरलं.

"नमक नहीं, भोजली. नमक से मिट्टी मर जाती."

"नून त डारन दे," भोजली म्हणाली. मीठ तरी घालू दे. ती भांडत नव्हती, मागत होती.

"नहीं न. इत्ते साल की मेहनत है. गांडुळं सब मर जायेंगे."

"आई, हात सोड तिचा," मी म्हणाले. "घालू दे तिले."

"तुले नाही समजत यातलं," आई म्हणाली. तिनं हात सोडला नाही.

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं होतं. मग भोजलीनंच दुसऱ्या हातानं थैलीचं तोंड आवळलं, ती कमरेला खोचली आणि बाजूला झाली. खड्डा बुजवून झाल्यावर आईनं त्याच्यावर पैरा पसरला, नीट, कडेपर्यंत, माती कुठे उघडी राहू नये म्हणून. वासरू धुऱ्यावर उभं राहून हंबरत होतं आणि त्याला ओढून न्यायचं कोणाला सुचत नव्हतं.

गाय आईच्या तारेनं मेली म्हणून दोष आईवर आला. राजिमला संगमावर डुबकी मारायची आणि गावाला जेवण द्यायचं, असं गावानं सांगितलं. आईनं दोन्ही केलं, हूं का चूं न करता. तार तर तिनं आधीच काढून टाकली होती. संगमावर ओल्या साडीत कुडकुडत उभी असतानाही तिनं वाकून पायाखालचा गाळ बोटांत चोळून बघितला. मी टॉवेल तिच्या अंगावर फेकला आणि गाडीत जाऊन बसले.

गाव जेवलं. भोजली आली नाही, सून येऊन डब्यात भात-भाजी घेऊन गेली.

त्यानंतर आई शेतावर दिसली की भोजली आपल्या दारातून म्हणायची, "सीताराम भोजली." तेवढंच. आई विचारायची, कैसी है, बछिया कैसी है, बहू कैसी है. भोजली आत निघून जायची. शिव्या दिल्या असत्या तर आईनं ऐकून घेतल्या असत्या, पायही धरले असते. पण भोजली नातं मोडत नव्हती आणि निभावतही नव्हती. श्रावण आला, तिनं टोपलीसाठी माती दुसऱ्याच्या शेतातून नेली. ते बघितल्यापासून आई जेवेनाशी झाली. रविवारी ती भोजलीसाठी काही ना काही न्यायची, लुगडं, चिवडा, गुडघ्याला लावायचं तेल, आणि तसंच परत आणायची.

"काहून बोलून नाही राहिली थे माझ्याशी?" ती गाडीत विचारायची.

"तू मीठ घालू देलं नाही म्हणून."

"मातीत मीठ कोणी घालते काय!"

जित्याची खोड. गोठ्यात अळ्या वेचणारी आणि खड्ड्याशी मनगट धरणारी ही एकच बाई आहे, हे मला अजून नीट गिळता येत नाही.

पुन्हा भात निघाला. आईनं पुन्हा लाखोळी पेरली, या वेळी तारेशिवाय. छेरछेरा होऊन गेलं होतं आणि गुरं अजून त्या बाजूला वळली नव्हती, अशा एका रविवारी तिनं मला हाताला धरून शेताच्या मध्यावर नेलं. बाकी लाखोळी घोट्याएवढी होती. तिथं, गाय पुरली त्या जागेवर, गुडघ्याएवढी. हिरवी इतकी की काळीच दिसत होती. आई खाली बसली, पाला बाजूला केला आणि मूठभर माती उचलून माझ्यासमोर धरली.

"पाह्य. पाह्य कशी झाली."

माती खरंच सुंदर होती. काळी, भुसभुशीत, ओलसर, तिच्यात दोन गांडुळं वळवळत होती. आईनं ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता आणि तिला तो लपवता येत नव्हता. मला तिचा असा संताप आला की तिथून तडक निघून जावं आणि तिला बसनं परत येऊ द्यावं असं वाटलं.

तेवढ्यात भोजली आली. दाव्याला कालवड होती, तेच वासरू, आता चांगलं मोठं झालेलं.

"सीताराम भोजली," ती म्हणाली.

"सीताराम भोजली," आई घाईघाईनं उठत म्हणाली. तिला वाटलं, आली. अखेर बोलायला आली. तिनं पदर सारखा केला, पण मूठ तशीच मिटलेली राहिली.

भोजलीनं कालवडीला शेतात घातलं. वाटेतल्या लाखोळीला तिनं तोंड लावू दिलं नाही, दावं आखूड धरून सरळ त्या हिरव्या जागेपर्यंत आणलं. तिथं दावं सैल सोडलं आणि कालवडीच्या पाठीवर हात ठेवला.

"खा बेटी," ती म्हणाली. "तोर दाई के आय."

खा, तुझ्या आईचं आहे. कालवड खाऊ लागली. पाला ओढून तोडल्याचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नाही. आईनं हाकललं नाही आणि मीही नाही. भोजली घाईत नव्हती. एक बाजू संपली की ती कालवडीला थोडी सरकवायची. जमीन दिसू लागली तेव्हा आईच्या मुठीतून माती गळायला लागलेली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

सगळं चरून झाल्यावर भोजलीनं कमरेची थैली काढली. तीच थैली होती. तिनं तोंड सोडलं आणि त्या उघड्या मातीवर मीठ टाकलं, पेरा टाकावा तसं, चारी बाजूंनी. आईचा हात अर्धा वर आला आणि तिथंच राहिला. या वेळी तिनं कोणाचं मनगट धरलं नाही. कालवडीनं मान खाली घातली आणि ती मीठ चाटू लागली, मातीसकट. भोजलीनं तिला चाटू दिलं. मग थैली झटकली, घडी करून खोचली आणि दावं ओढलं.

"सीताराम भोजली."

आईनं उत्तर दिलं की नाही ते मला ऐकू आलं नाही.

परतताना आई मागच्या डबड्यांसारखी गच्च बसून होती. मी रुमाल बांधला नव्हता. बरंच अंतर गेल्यावर ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मूठभर तर होतं. एवढ्याशानं काही होत नाही मातीले. दोन पाणी देले का वाहून जाते थे."

"तेव्हाही एवढंच होतं, आई," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. अभनपूर आलं आणि मागे गेलं.